पावसाळ्यात फोनची बॅटरी दुपारीच उतरते आणि बोलताना आवाज तुटतो: बिघाड अपलिंकमध्ये कसा शोधावा

राजापूर तालुक्यातील आमच्या घरी गेली चार वर्षे एकच तक्रार जूनच्या मध्यावर सुरू होते आणि दिवाळीच्या आसपास आपोआप थांबते. सकाळी पूर्ण चार्ज केलेला फोन दुपारी तीनच्या सुमारास बंद पडतो, वापरात नसतानाही तापतो, आणि याच काळात पलीकडून बोलणारा माणूस ‘आवाज तुटतोय, जरा अंगणात जा’ असे सांगू लागतो. आईने पहिल्या वर्षी बॅटरी बदलून घेतली आणि दुसऱ्या वर्षी फोनच बदलला. तिसऱ्या वर्षी नवा फोनही जुन्यासारखाच वागू लागला, तेव्हा बिघाड फोनमध्ये नाही एवढे निश्चित झाले. मी स्वतः मोबाईल नेटवर्कच्या रेडिओ ऑप्टिमायझेशनचे काम करतो, त्यामुळे ही गोष्ट माझ्या लक्षात आधीच यायला हवी होती, परंतु दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. बॅटरी लवकर उतरणे आणि कॉलमध्ये आवाज तुटणे या दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत असे आपण धरून चालतो, एक फोन दुरुस्त करणाऱ्याकडे नेतो आणि दुसरी कंपनीच्या ग्राहक सेवेकडे. बहुतेक वेळा ती एकच तक्रार असते आणि तिचे मूळ अपलिंकमध्ये, म्हणजे फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या वाटेत, असते.

पुढे जाण्यापूर्वी एक सोपी शक्यता तपासून बाजूला ठेवावी. फोनमध्ये दोन सिमकार्डे असतील आणि त्यांपैकी एका कंपनीची रेंज गावात मुळीच नसेल, तर फोन त्या सिमसाठी दिवसभर ठरावीक अंतराने सगळे बँड, म्हणजे वारंवारतांचे पट्टे, धुंडाळत राहतो. हे धुंडाळणे पडद्यावर दिसत नाही, पण बॅटरी खाते. सेटिंगमधून ते सिम दोन दिवस बंद ठेवून पाहावे. आमच्याकडे आईच्या फोनमध्ये असे एक मुंबईचे जुने सिम होते. ते बंद केल्यावर बॅटरी दुपारी तीनऐवजी साडेचारपर्यंत टिकू लागली. कॉलमधला आवाज मात्र तुटतच राहिला.

दांड्या काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

फोनच्या वरच्या कोपऱ्यातील दांड्या फक्त टॉवरकडून फोनकडे येणारा सिग्नल दाखवतात, आणि किती डीबीएमला (हे सिग्नलची शक्ती मोजण्याचे एकक) किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक उत्पादक आपल्या मनाने ठरवतो. फोनचे बोलणे टॉवरला कितपत ऐकू येते, याचा त्या दांड्यांशी थेट संबंध नाही. टॉवरवरील ४जी रेडिओ एका कॅरियरवर, म्हणजे वारंवारतेच्या एका वाहक पट्ट्यावर, साधारण ४० वॅट शक्तीने प्रसारण करतो, तर नेहमीच्या फोनला ४जीवर जास्तीत जास्त २३ डीबीएम, म्हणजे २०० मिलिवॅट, एवढीच मुभा असते. हा दोनशे पटींचा फरक आहे. फोन आपली शक्ती थोड्याच वारंवारतांवर एकवटतो आणि टॉवरचा रिसीव्हर अधिक संवेदनशील असतो, म्हणून हा फरक बराचसा भरून निघतो. तरीही सिग्नल क्षीण होत जातो तेव्हा आधी अपलिंक कोलमडते आणि डाउनलिंक, म्हणजे टॉवरकडून फोनकडे येणारी वाट, मागाहून. दोन-तीन दांड्या दिसत असताना कॉल तुटण्याचे सर्वांत सामान्य कारण हेच आहे.

घरबसल्या करता येण्यासारखी पहिली परीक्षा कानांनीच करायची आहे. कंपनीच्या ग्राहक सेवेच्या क्रमांकावर कॉल लावून ध्वनिमुद्रित सूचना दोन मिनिटे ऐकाव्यात. त्या स्वच्छ ऐकू आल्या तर डाउनलिंक ठीक आहे. मग चांगल्या रेंजमध्ये असलेल्या किंवा लँडलाइन असलेल्या एखाद्या नातेवाइकाला कॉल करून त्याला आपला आवाज कसा येतो ते विचारावे. आपल्याला त्याचे सर्व ऐकू येत असेल आणि त्याला आपले शब्द गाळून येत असतील, तर अपलिंकमध्ये दोष आहे. दोघांनाही तुटक ऐकू येत असेल तर दोष बहुधा दोन्ही वाटांना समान असलेल्या ठिकाणी आहे, आणि त्याविषयी शेवटी लिहिले आहे. डेटावरही हाच फरक पाहता येतो: ट्राय या दूरसंचार नियामकाच्या मायस्पीड ॲपवर डाउनलोडचा वेग सात-आठ एमबीपीएस आणि अपलोडचा वेग जेमतेम एक दशांश एमबीपीएस, असे चित्र वारंवार दिसले, तर व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना गोल चक्र का फिरत राहते याचे उत्तर मिळाले असे समजावे.

आकडे कोठून घ्यावेत

अनेक अँड्रॉइड फोनवर *#*#४६३६#*#* आणि आयफोनवर *३००१#१२३४५#* हा क्रमांक डायल केल्यावर चाचणीचा पडदा उघडतो. त्यातील आरएसआरपी हा आकडा टॉवरच्या संदर्भ सिग्नलची शक्ती सांगतो. उणे ९० च्या आसपासचा आकडा चांगला, उणे १०५ चालण्यासारखा, आणि उणे ११५ च्या खाली गेलेला आकडा काठावरचा समजावा. प्रत्येक १० डीबीच्या घसरणीत शक्ती दहा पटींनी कमी होते, हे ध्यानात ठेवले म्हणजे उणे १०४ आणि उणे ११६ हे आकडे कागदावर जवळजवळ दिसले तरी त्यांच्यातील अंतर सोळा पटींचे आहे हे कळते. आकडा एकदाच पाहू नये. ओटीवर, माजघरात आणि खळ्यात, सकाळी, दुपारी आणि रात्री, असा आठवडाभर वहीत उतरवून घ्यावा, आणि त्यासोबत फोन कोणत्या बँडवर आहे तेही लिहावे.

आमचे घर जांभ्या चिऱ्याचे आहे, भिंती जाड आहेत आणि टॉवरच्या दिशेला माडांची आणि आंब्यांची दाट राई आहे. मे महिन्यात माजघरात आरएसआरपी उणे १०९ असे. जुलैत, भिंतींनी आठवडाभर पाणी पिऊन झाल्यावर आणि झाडे पानांनी भरून आल्यावर, तोच आकडा उणे ११६ झाला. पावसाच्या थेंबांचा या वारंवारतांवर म्हणण्यासारखा परिणाम होत नाही, ओल्या भिंतीचा आणि ओल्या पानांचा मात्र होतो. ओटीवर जुलैतही उणे १०४ मिळत होते.

आता या आकड्यांवरून फोनला किती शक्ती लावावी लागते याचा हिशेब मांडता येतो. २० मेगाहर्ट्झच्या कॅरियरवर ४० वॅट १२०० उपवाहकांत, म्हणजे वारंवारतेच्या बारीक पट्ट्यांत, विभागले जातात, म्हणजे प्रत्येक उपवाहकाच्या वाट्याला सुमारे १५ डीबीएम येतात. ओटीवर त्यातले उणे १०४ उरत असतील, तर वाटेत ११९ डीबी गेले. माजघरात १३१ डीबी गेले. टॉवरच्या रिसीव्हरमध्ये एका रिसोर्स ब्लॉकमागे (बारा उपवाहकांच्या गटामागे) उष्णतेचा आणि यंत्राचा स्वतःचा मिळून साधारण उणे ११९ डीबीएम एवढा गोंगाट कायमच असतो. फोनचा सिग्नल त्या गोंगाटापेक्षा १० डीबी वर ठेवायचा असे टॉवरने ठरवले, तर ओटीवरील फोनला १० डीबीएम, म्हणजे केवळ १० मिलिवॅट, पुरतात, आणि माजघरातील फोनला २२ डीबीएम, म्हणजे जवळपास सगळी ताकद, लावावी लागते. एकाच घरात, पंधरा पावलांच्या अंतराने, तेवढ्याच बोलण्यासाठी सोळापट शक्ती. शिवाय काठावरच्या फोनची पाकिटे, म्हणजे माहितीचे तुकडे, वारंवार हुकतात, ती पुन्हा पाठवावी लागतात, आणि सिग्नल क्षीण असल्यामुळे प्रत्येक पाकिटात थोडीच माहिती बसते. म्हणून तोच फोटो पाठवायला फोनचा ट्रान्समीटर कितीतरी अधिक वेळ चालू राहतो. ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे सुमारे १९ वॅट-तास. केवळ रेडिओने सातत्याने दोन वॅट ओढले तर ती दहा तासही पुरत नाही.

एवढ्याने उलगडा पूर्ण झाला असे मला वाटले होते. परंतु वहीतील नोंदी पाहताना एक गोष्ट जुळेना. ओटीवर दिवसभर उणे १०४ असूनही तेथे ठेवलेला फोन सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत तापत होता आणि त्यानंतर थंड होत होता. आरएसआरपी तोच, फोन तोच, जागा तीच, आणि तरीही रात्री नऊनंतर कॉल स्वच्छ लागत होता. आणखी विचित्र गोष्ट अशी की आठवड्यातून एक दिवस ही तक्रार सकाळपासूनच नसे.

दुसऱ्याच्या बूस्टरची किंमत

आमच्या सिमच्या कंपनीत काम करणाऱ्या एका जुन्या सहकाऱ्याला मी टॉवरच्या आमच्या दिशेकडील भागाचा, म्हणजे सेक्टरचा, अपलिंक गोंगाट पाहायला सांगितले. उणे ११९ च्या आसपास असायला हवा होता तो गोंगाट दिवसा उणे १०४ वर चढलेला होता, आणि त्याच्या आलेखाचा आकार एखाद्या दुकानाच्या उघडण्या-मिटण्याच्या वेळेसारखा होता; साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी तो सपाट होता. बाजारपेठेत हातातला स्पेक्ट्रम अनालायझर (कोणत्या वारंवारतेवर किती सिग्नल आहे ते दाखवणारे यंत्र) आणि दिशादर्शक अँटेना घेऊन फिरल्यावर एका तळघरवजा दुकानाच्या छतावर परवान्याशिवाय लावलेला सिग्नल बूस्टर सापडला.

असा बूस्टर काय करतो ते समजून घेणे आवश्यक आहे, कारण रेंज येत नाही म्हटले की तो विकत घ्यावा असा सल्ला सर्रास दिला जातो. तो दुकानातील फोनचा सिग्नल वाढवतो खरा, पण कोणीही बोलत नसतानाही तो आपला स्वतःचा गोंगाट वाढवून टॉवरकडे सोडत राहतो. टॉवरला सगळेच फोन पुसट ऐकू येऊ लागतात, म्हणून तो प्रत्येक फोनला ‘शक्ती वाढव’ अशी आज्ञा देतो. वरचाच हिशेब पुन्हा मांडला तर ओटीवरील फोनला आता १० नव्हे तर २५ डीबीएम हवेत. त्याच्याकडे २३ च आहेत, म्हणजे तो १० मिलिवॅटवरून थेट २०० मिलिवॅटवर जातो आणि तरीही अपुराच पडतो. माजघरातील फोनचा सिग्नल तर एकाच रिसोर्स ब्लॉकवर सारी शक्ती लावूनही गोंगाटाच्या ४ डीबी खाली बुडतो. एका दुकानाच्या सोयीसाठी सेक्टरमधील शेकडो फोनांच्या बॅटऱ्या जळत होत्या, आणि दांड्या मात्र कोणाच्याच कमी झालेल्या नव्हत्या, कारण डाउनलिंकला काहीही झालेले नव्हते.

परवान्याशिवाय असा रिपीटर, म्हणजे बूस्टर, बसवणे हा गुन्हा आहे आणि दूरसंचार विभागाची वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशन अशा उपकरणांवर कारवाई करते. येथे ती वेळ आली नाही. दुकानदाराला आलेख दाखवल्यावर त्याने स्वतःच ते यंत्र उतरवले, आणि मी त्याच्या दुकानासाठी ब्रॉडबँडवरून वाय-फाय कॉलिंग सुरू करून दिले. त्याला हवा होता तो परिणाम मुळात त्यानेच मिळण्यासारखा होता. भारतात वाय-फाय कॉलिंग २०१९ च्या डिसेंबरपासून उपलब्ध आहे आणि घरात ब्रॉडबँड असेल तर माजघराच्या समस्येवर याहून स्वस्त उपाय नाही, कारण राउटरपर्यंत पोहोचायला फोनला टॉवरपर्यंतच्या शक्तीचा अंशही लागत नाही. सेटिंगमध्ये तो पर्याय बऱ्याच फोनवर बंद असतो, तेवढा सुरू करावा.

ब्रॉडबँड नसेल तर दोन मार्ग उरतात. एक म्हणजे ओटीवर किंवा टॉवरच्या बाजूच्या खिडकीत एक फोन चार्जरला जोडून हॉटस्पॉट म्हणून ठेवायचा आणि घरातील बाकीचे फोन त्याला वाय-फायने जोडायचे. दुसरा, अधिक टिकाऊ मार्ग म्हणजे सिमकार्डाचा राउटर घेऊन त्याला बाहेरची दिशादर्शक अँटेना लावणे. हा रिपीटर नव्हे. तो फोनप्रमाणेच टॉवरच्या आज्ञेत राहणारा ग्राहक असतो, टॉवर सांगेल तेवढीच शक्ती वापरतो, आणि पन्हळीच्या वर गेलेल्या अँटेनामुळे भिंतीचे १२ डीबी वाचतात. आमच्याकडे शेवटी हेच केले. ज्यांच्या फोनवर ५जी दिसते आणि लगेच जाते, त्यांनी आठवडाभर फोन केवळ ४जीवर ठेवून पाहावे: ४जीच्या आधाराने चालणाऱ्या ५जीमध्ये फोनला दोन्ही रेडिओ एकाच वेळी जागे ठेवावे लागतात आणि काठावर ते फार महाग पडते.

टॉवर झोपतो तेव्हा

बूस्टर उतरल्यावर ऑगस्ट चांगला गेला. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या रात्री अकरा वाजता मात्र तक्रार परत आली, आणि या वेळी ती निराळ्या स्वरूपाची होती: आवाज ठीक होता, डेटा जवळजवळ थांबला होता, आणि फोनच्या पडद्यावर बँड ४० (२३०० मेगाहर्ट्झ) जाऊन बँड ५ (८५० मेगाहर्ट्झ) आला होता.

मोबाईल नेटवर्कला लागणाऱ्या विजेचा सर्वांत मोठा भाग टॉवरवरील रेडिओ खातात, आणि त्यातही सिग्नलची शक्ती वाढवणारा पॉवर ॲम्प्लिफायर. ४जीची अडचण अशी की एकही ग्राहक नसला तरी त्याला प्रत्येक मिलिसेकंदाला संदर्भ सिग्नल पाठवावाच लागतो, म्हणून तो फार तर क्षणभर डुलकी घेऊ शकतो. ५जीमध्ये ही सक्ती काढून टाकली आहे. तेथे मूलभूत सिग्नल साधारणपणे २० मिलिसेकंदांतून एकदा जातो आणि मधल्या वेळात रेडिओ झोपू शकतो. ४जीवर खरी बचत करायची तर वाढीव क्षमतेसाठी लावलेला आख्खा कॅरियर रात्री बंद करावा लागतो आणि ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झचा पायाभूत कॅरियर तेवढा चालू ठेवावा लागतो. यात गैर काही नाही. टॉवर डिझेलवर असेल तर ही बचत रुपयांत आणि धुरात दोन्हीकडे दिसते. ग्रामीण भागातील निम्मे आणि शहरी भागातील २० टक्के टॉवर २०१५ पर्यंत संमिश्र ऊर्जेवर (ग्रिडची वीज आणि अपारंपरिक ऊर्जा मिळून) आणावेत, असे निर्देश दूरसंचार विभागाने २०१२ मध्येच दिले होते, ते याच कारणाने.

चूक झाली होती ती घड्याळावर विसंबण्यात. रात्री अकरा ते पहाटे पाच कॅरियर झोपवायचा, हे वेळापत्रक फेब्रुवारीतील गावाला पाहून ठरवलेले होते, तेव्हा अकरा वाजता गाव खरोखरच झोपलेले असते. चतुर्थीला मुंबईचे चाकरमानी उतरलेले असतात, घरोघरी मध्यरात्रीपर्यंत भजने चालतात आणि ती व्हिडिओ कॉलवरून बोरिवली-डोंबिवलीत राहिलेल्यांना दाखवली जातात. कॅरियर झोपवण्याचा निर्णय वेळेऐवजी भारावर, म्हणजे त्या क्षणी किती वापर चालू आहे त्यावर, सोपवावा, आणि तो जागा करण्याची मर्यादा झोपवण्याच्या मर्यादेपेक्षा वर, पण फार वर नाही, अशी ठेवावी. दोन्ही एकच ठेवल्या तर कॅरियर मिनिटामिनिटाला उठतो-झोपतो आणि फोन बँड बदलत बसतात. माझ्या व्यवसायबंधूंना आणखी एक सुचवावेसे वाटते. बचतीचा अहवाल टॉवरच्या मीटरवर संपवू नये. कॅरियरऐवजी आख्खी साइट झोपवून ग्राहकांना शेजारच्या दूरच्या टॉवरवर ढकलले, तर त्यांचे फोन काठावर जातात, आणि टॉवरवर वाचवलेली वीज त्यांच्या चार्जरांतून परत भरली जाते. साइट झोपवण्यापूर्वी आणि नंतर त्या भागातील फोनांचा पॉवर हेडरूम, म्हणजे त्यांच्याकडे उरलेली शक्ती, तपासावा. तो शून्याला टेकत असेल तर ती बचत नव्हे.

तक्रार लिहिताना

‘रेंज नाही’ एवढेच लिहिले तर उत्तरही तेवढेच येते. तक्रारीत गाव आणि घरातील जागा, तारीख व वेळ, बँड, सेल आयडी (टॉवरच्या सेक्टरचा ओळख क्रमांक), आरएसआरपी, आणि आवाज कोणाच्या बाजूने तुटतो, एवढे लिहावे. समाधान झाले नाही तर तक्रारीला मिळालेल्या क्रमांकाने कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जावे. आपला टॉवर कोठे आहे आणि त्यावर कोणत्या कंपन्या आहेत हे तरंग संचार या सरकारी पोर्टलवर दिसते. ‘आमचे कॉल ड्रॉप मर्यादेत आहेत’ असे उत्तर आले तर गोंधळून जाऊ नये. ती मर्यादा दोन टक्क्यांची आहे आणि त्यात नेटवर्कने तोडलेले कॉलच मोजले जातात. आवाज येईना म्हणून आपणच वैतागून बंद केलेला कॉल त्या हिशेबात यशस्वी ठरतो. म्हणून तक्रार कॉल ड्रॉपची न करता अपलिंकमध्ये पाकिटे गळण्याची करावी, त्याची मोजणी वेगळी असते आणि ती सेलनिहाय काढता येते.

राहिला तो प्रकार, ज्यात आरएसआरपी उत्तम असते, फोन थंड असतो, आणि तरीही दोन्ही बाजूंना तुटक ऐकू येते. कोकणात आणि घाटमाथ्यावर अनेक टॉवर ऑप्टिकल फायबरऐवजी मायक्रोवेव्हच्या रेडिओ दुव्यांनी एकमेकांना जोडलेले आहेत, आणि तेथील उंच वारंवारतांवर मुसळधार पाऊस खराच आडवा येतो. त्याची खूण म्हणजे दोष सरीबरोबर येतो आणि सर ओसरल्यावर पाच-दहा मिनिटांत जातो, गावातील त्या टॉवरवरच्या सर्वांना एकाच वेळी होतो, आणि घरात जागा बदलून काहीही फरक पडत नाही. अशा वेळी फोनशी खटपट करू नये. नोंदीत पावसाची वेळ लिहून ती तक्रारीला जोडावी. आमच्या टॉवरबाबत अशा अकरा नोंदी मी या सप्टेंबरमध्ये पाठवल्या आहेत, आणि त्या दुव्याची वारंवारता खाली आणण्याचा प्रस्ताव अजून कंपनीच्या विचाराधीन आहे.